सतरावा प्रश्न

१९८४ साल. संधिवाताच्या दवाखान्यातल्या नर्सनं सोळा प्रश्नांची उत्तरं लिहून घेतली होती. सगळं सतराव्यावर अडलं होतं.

तो कागद मोठ्या डॉक्टरांनी तयार केलेला. संधिवाताच्या रुग्णाला आणखी कोणकोणते आजार आहेत ते विचारायचं आणि प्रत्येकाचे गुण मांडायचे. बेरीज दहाच्या वर गेली की पुढची पाच वर्षं निभणं कठीण, असं त्यांचं म्हणणं. अशा रुग्णांना नवं औषध सोसत नाही, म्हणून द्यायचं नाही.

समोर बसलेली बाई घड्याळं दुरुस्त करायची. आता बोटं मुळांसारखी वाकडी झाली होती. सहा वर्षांत तिनं चिमटा धरला नव्हता. शेजारी तिचा सुतार नवरा घामानं डबडबून उभा होता. लिफ्ट बंद होती. दर वेळेसारखं त्यानंच तिला दोन्ही हातांवर उचलून दोन मजले वर आणलं होतं.

बेरीज नऊ झाली होती. सतराव्या प्रश्नाचे गुण दोन.

"जिना चढताना दम लागतो?"

"छे!" नवरा म्हणाला. मघापासून सगळी उत्तरं तोच देत होता. "हिला कसला दम लागतोय? राणीसारखी वर येते."

नर्सनं पेन टेकवलं.

"लागतो," बाई म्हणाली.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" त्याचा आवाज चिरकला. "आठ महिने खेटे घातले या औषधासाठी! सिस्टर, लिहू नका. काहीही बरळते ही."

नर्सचा हात जागीच थांबला. "बाई, नीट विचार करा. हे लिहिलं की औषध गेलं."

"लिहा. पण ह्यांच्या कागदावर लिहा."

"त्यांचा कुठे कागद आहे?"

"तेच तर." बाई नवऱ्याकडे बघत नव्हती. "वर येताना माझा कान ह्यांच्या छातीवर असतो. दोन महिने झाले, ठोका मध्येच चुकतोय. आज एका जिन्यात तीनदा चुकला. उचलू नका म्हटलं की आणखी घट्ट धरतात. तपासून घ्या म्हटलं की हसतात."

"घ्या! माणसाचंही घड्याळ केलं हिनं," म्हणत तो हसायला गेला. हसू अर्ध्यावरच राहिलं. त्यानं खुर्चीची पाठ धरली.

नर्सनं त्याच्या छातीला नळी लावली. मग दार उघडून स्ट्रेचर मागवलं.

पुढे मोठ्या डॉक्टरांचा त्या प्रश्नांवरचा लेख छापून आला आणि ते परगावी मोठ्या जागेवर गेले. नर्स निवृत्त होईपर्यंत प्रत्येक कागदाच्या तळाशी आपल्या हातानं एक ओळ वाढवत राहिली : सोबत कोण आलंय? त्याला दम लागतो का? बाईला औषध मिळालं. चिमटा काही पुन्हा धरता आला नाही, पण कठड्याच्या आधारानं जिना ती स्वतः चढू लागली. सुतार वाचला. मात्र बायकोला उचलणं त्याला कायमचं बंद झालं आणि तिचा कान त्याच्या छातीपर्यंत पोचेना.

मग पुढची चौदा वर्षं, रोज सकाळी चहाच्या आधी, तोच तिच्या खुर्चीपाशी गुडघे टेकायचा आणि आपली छाती तिच्या कानाला लावायचा.