कागद नको

"ही युकुलेली माझीच आहे," मी म्हणाले.

"ताई, जुन्या बाजारात सगळे हेच म्हणतात," दुकानदार हसला.

मी ती छोट्या गिटारसारखी युकुलेली उलटी केली. पाठीवर आजोबांनी चाकूच्या टोकानं माझं लाडाचं नाव कोरलं होतं, बकुळी. बोटीवर नोकरीला असताना त्यांनी ती आणली होती. पोटातल्या लेकीला मी तीच ऐकवायचे. बाळंतपणाला माहेरी गेले, तेवढ्यात सासूबाईंनी जुन्या कपड्यांबरोबर ती बोहारणीला देऊन टाकली आणि पातेलं घेतलं.

"तीन हजार," दुकानदार म्हणाला.

माझं डोकंच तडकलं. स्वतःचीच वस्तू विकत घ्यायची? मी ती खाली ठेवली.

"बरं केलंस," नवरा म्हणाला. "तेवढ्यात नवी येईल."

"नवी येईल. आजोबा येतील?"

कडेवरच्या लेकीनं वाकून तार ओढली. आवाज ऐकून ती खुदकन हसली.

मी पैसे काढले.

"आईला काही बोलू नको हं," नवरा कुजबुजला. "वाईट वाटेल तिला."

दुकानदार युकुलेली वर्तमानपत्रात गुंडाळत होता. मी कागद ओढून फाडला आणि ती नवऱ्याच्या हातात दिली.

"उघडीच घेऊन चल. दार आईच उघडतील."