ओळखणाऱ्या खातेदाराची सही

माणिकराव गुरुजी सोमवारी वारले. तसं बँकेच्या नावानं लेखी आलं होतं. पण तो विषय आपण सोडून देऊ, कारण खुद्द गुरुजींना ते मंगळवारी अकरा वाजेपर्यंत ठाऊक नव्हतं.

मंगळवारी त्यांनी दाढी केली, टोपी घातली आणि "येतो गं" म्हणाले. रुख्मिणीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तीन दिवसांपासून त्या बोलत नव्हत्या. कारण ओट्यावर सांडलेलं तेल होतं. निदान गुरुजींची तशी समजूत होती.

एप्रिलपासून दोघं पुण्याला लेकाकडं होती. दिवाळी झाल्यावर आखाडा बाळापूरला परत आली. लेकाचं पत्र आलंय का, ते कलीमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघायचं, हा गुरुजींचा नवा नेम. आजचा तिसरा मंगळवार.

भारनियमन दहालाच सुरू झालं होतं. गल्लीतली गिरणी गप्प, झेरॉक्स गप्प, पंखे गप्प. कलीमचा कॉम्प्युटर मात्र निळा उजळलेला. शटर अर्धंच वर होतं. गुरुजी वाकून आत शिरले.

"इन्व्हर्टर झकास आहे रे तुझा. आवाजसुद्धा नाही."

"या गुरुजी. तुमचीच वाट बघून राहिलो."

खाजा मियाचं हे पोरगं तिसरीत गुरुजींच्या हातचा मार खाऊन मोठं झालेलं. अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीला पाठ टेकत नव्हतं.

गुरुजींनी समोरच्या टपरीकडं तोंड करून आवाज दिला. "गोपीचंद, दोन चहा!"

गोपीचंदनं ऐकलं नाही. दुसऱ्यांदा ओरडल्यावर त्यानं एकच कप शटरखालून आत सरकवला आणि वर न बघता परत गेला.

"ह्याला मी दिसत नाही का?"

"दिवसच तसे हायेत," कलीम म्हणाला आणि कॉम्प्युटरवरचं इंग्रजी मराठीत सांगू लागला. "प्रिय ग्राहक, आपण सोमवारी मयत झाल्याची नोंद आमच्याकडे आहे. हे खरे नसल्यास चोवीस तासांत खालच्या निळ्या ओळीवर क्लिक करून खाते क्रमांक, पासवर्ड आणि एटीएमचा पिन भरावा. अन्यथा खाते कायमचे बंद."

पेन्शन त्याच खात्यात यायची. घर तिच्यावर चालायचं.

"भर, भर पटकन."

"काहून? थांबा जरा." कलीमनं बोट पडद्यावर ठेवलं. "प्रिय ग्राहक. तुमचं नाव ठाऊक न्हाई, अन् तुमी मेलेले तेवढं ठाऊक! पाठवणाऱ्याचा पत्ता बघा, बँकेच्या नावात एक अक्षर जास्तीचं हाय. पासवर्ड तर बँक कधी मागतच न्हाई. अन् चोवीस तास? गुरुजी, बँकेला घाई असते व्हय? सहा महिने झाले, अब्बा चकरा मारून राहिले. माझ्या खात्याचा एक कागद हलला न्हाई."

"कसला कागद?"

"हाय साधाच."

"पण समज, मी खरंच मेलो असलो तर?" गुरुजी हसले. एकटेच.

"मेल्यावर पत्र येत न्हाई."

"तुला काय ठाऊक?"

कलीमनं तो मेल पुसून टाकला. "निळ्या ओळीला हात लावायचा न्हाई. सोता बँकेत जायचं अन् खिडकीवर विचारायचं. बस."

बँकेत जायचंच होतं. नोव्हेंबर होता, हयातीचा दाखला गुरुजींच्या खिशात होता. यंदापासून त्यावर ओळखणाऱ्या खातेदाराची सही लागत होती.

"आणा हिकडं. माझं खातं हाय की, अजून बंद झालं न्हाई."

कलीमनं सही ठोकली, खाली खाते क्रमांक लिहिला. गुरुजींनी दहाची नोट टेबलावर ठेवली. आधीच्या दोन्ही मंगळवारच्या नोटा तिथंच होत्या, धुळीखाली. "घे रे", "तुमी घ्या" करता करता चहा तसाच गार झाला.

बँकेत पोचेपर्यंत सहीची शाई वाळली नव्हती.

बाकावर खाजा मिया कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"झालं का कलीमचं काम?"

"न्हाई गुरुजी. फिरून मंगळवारी या म्हणून राहिले." त्यांनी रुमालानं डोळे पुसले. गुरुजींना वाटलं, पंखा बंद आहे, घाम असेल.

खिडकीवरचा हरिचंद मान खाली घालूनच "पुढचा" म्हणाला. गुरुजी जागेवरच उभे होते. "पुढचा," तो पुन्हा म्हणाला. त्यांनी काचेवर टकटक केली.

"अरे, गुरुजी! मघाशी बाईंचा फोन आला होता. येताना तेल आणा म्हणाल्या. तुमच्याशी बोलत न्हाईत म्हणे."

तेलाच्या निरोपानं इतका आनंद झालेला माणूस त्या बँकेनं आजवर पाहिला नव्हता.

खातं जागेवर होतं. पेन्शनही. "त्यो मेल खोटा," हरिचंद म्हणाला. "कुरुंद्याच्या दोघांनी पासवर्ड भरला अन् खाती धुऊन निघाली. तुमी वाचले. कुणी सांगितलं?"

"आहे एक विद्यार्थी," गुरुजी छाती फुगवून म्हणाले. "सहीपण त्याचीच आहे."

हरिचंदनं शिक्का उचलला. सही वाचली. शिक्का तसाच वर राहिला. त्यानं सहीवरून बोट फिरवलं, बोटाला निळं लागलं. तो दाखला घेऊन साहेबांच्या खोलीत गेला. काचेतून दिसलं, आत एक फाईल निघाली, मग दोघांनी मिळून बाकावरच्या खाजा मियाकडं पाहिलं.

पाऊण तासानं दाखला परत आला. साहेबांनी लाल शाईनं शेरा मारला होता: "अर्जदार समक्ष हजर, हयात. साक्षीदार कलीम खाजा मिया हे गेल्या मे महिन्यात स्वतःच्या दुकानात विजेचा धक्का लागून मयत. वारसाचा अर्ज प्रलंबित. सही नमुन्याशी तंतोतंत जुळते. सबब, सदर साक्षीदाराने स्वतःच्या हयातीच्या दाखल्यासह, सवडीने, कार्यालयीन वेळेत समक्ष हजर राहावे, ही विनंती."