धापेची खूण

"मला पकडणारा निरीक्षक अजून जन्मायचाय," हेरंबराव खानोलकर सायकलवर बसवलेल्या रेडिओत धापा टाकत सांगत होते. हल्ली कुठलीही बॅटरी घ्या, तिच्यावर चाललेलं बोलणं ती परस्पर सरकारी कचेरीत कळवायची. सायकलच्या डायनॅमोला मात्र कान नव्हते. म्हणून हेरंबराव बंद पडलेल्या जुन्या घाटात, वळणावर, भर रस्त्यात सायकल स्टँडला लावून पेडल मारत बोलत. असं चोरून बोलणाऱ्यांची खूण एकच, ती म्हणजे धाप. धापा न टाकता कोणी बोलला, की तो बॅटरीवाला. म्हणजेच निरीक्षक.

तेवढ्यात रेडिओवर एका बाईचा आवाज आला. "वळणावर कोणी आहे का हो? असाल तर बाजूला व्हा, माझे ब्रेक गेलेत!"

सगळं एका दमात. हेरंबरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "धाप कुठाय, बाई?"

"उतारावर कसली धाप! चाकं आपोआप फिरतायत. तुम्ही नक्की कुठल्या वळणावर आहात?"

"पत्ता काढताय होय? सायकल जप्त करायला! मी नाही सांगणार, जा."

"अहो, मेले मी! रस्त्यातून हला!"

"नाटकं नकोत. आधी धापा टाका, मग बोलू."

पुढच्याच मिनिटाला दोन्ही सायकली खालच्या ओढ्यात होत्या आणि दोन्ही रेडिओ पाण्याखाली. बाई चिखलातून वर चढून आल्या, तेव्हा चांगल्याच धापा टाकत होत्या.