यादीतल्या तीन चुका

वर्नेलची थोरली लेक वयात आली म्हणून तिचा सूर्योदयाचा नाच ज्या उन्हाळ्यात झाला, त्याच उन्हाळ्यात प्राध्यापक केंड्रिक चुकांची यादी घेऊन अपाचींच्या वस्तीवर, सॅन कार्लोसला आले. अपाची-युद्धावरचा एक जुना सिनेमा पुन्हा बाजारात येणार होता आणि त्याच्यासोबत एक पुस्तिका छापायची होती. सिनेमात काय खरं आणि काय खोटं, ते त्यात येणार होतं. छापण्याआधी, ज्यांनी त्यात कामं केली त्यांच्या कानावर यादी घालावी असं त्यांना वाटलं. माणूस भला होता. येताना दोन कलिंगडं घेऊन आला होता.

म्हाताऱ्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये टीव्ही लावला. डेला मावशी पुढच्या खुर्चीत बसली, शेजारी म्हातारा एमेट डोसेला बसला. वर्नेल मधे बसून एकमेकांचं बोलणं अपाचीत-इंग्रजीत करून सांगत होती. आई गेली तेव्हा रीतीप्रमाणे कापलेले तिचे केस आता कुठे खांद्याला लागत होते. पंख्याच्या वाऱ्याने ते सारखे तोंडावर यायचे.

"पहिली चूक," प्राध्यापक म्हणाले, "डोक्यावरची ही पिसं. ही उत्तरेकडच्या लोकांची पद्धत. तुमची नव्हे."

"टोचायची फार," एमेट म्हणाला. "कोंबडीची होती."

"तिसरी, हे कातडी तंबू. तुम्ही गवताच्या झोपड्या बांधायचात."

"त्या तंबूत आम्हाला जाऊ कोण देत होतं? आत साहेबांचा बर्फ असायचा."

सातवी चूक म्हणजे खुद्द एमेटचं भाषण. पडद्यावर तरुण एमेट हात उंचावून गरजत होता आणि खाली अक्षरं उमटत होती, पूर्वजांच्या रक्ताची शपथ वगैरे.

"खरं काय म्हणताहेत ते?"

वर्नेलला हसू आवरेना. "म्हणताहेत, आज परत राजमाच असेल तर मी घरी चाललो."

"मग? होता?"

"राजमाच होता," एमेट म्हणाला. "पण घरी नाही गेलो. भूक लागली होती."

प्राध्यापकांनी तेही टिपून घेतलं. मग ते पडद्यावरच्या माणसांची नावं विचारू लागले. एमेट बोट दाखवत गेला. "हा क्लिफर्ड, बायलासला राहतो, आता गुडघे धरलेत. हा पांढऱ्या ट्रकवाला."

"नाव काय त्यांचं?"

"पांढऱ्या ट्रकवाला."

"ते आता नाहीत, सर," वर्नेल हळूच म्हणाली. "गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही."

"माफ करा," प्राध्यापक म्हणाले, आणि वहीत 'पांढऱ्या ट्रकवाला' असंच लिहिलं.

सतरावी चूक येण्याआधी एमेट उठला. तंबाखू खायला बाहेर जातो म्हणाला. हॉलच्या दारातच चघळायची त्याची रोजची सवय, पण आज तो पार मेस्किटच्या झाडापर्यंत गेला.

पडद्यावर बारा स्वार कड्यावरून खाली सुटले. मधल्या ठिपकेवाल्या घोड्यावरचा स्वार गोळी लागल्यासारखा उडाला आणि खडकांत पडला.

"हे बघा," प्राध्यापकांनी टेप मागे घेतली. "किती खोटं पडणं! हात सैल सुटलेत. पडणारा स्वार आधी डोकं सांभाळतो. आणि अठरावी चूक, घोडा. लढाईतला घोडा पुढे पळेल. हा परत येऊन त्याला हुंगतोय. पाळीव जनावर, दुसरं काय!"

"हा स्वार कोण?" मग त्यांनीच विचारलं.

"ठिपकेवाला घोडा ज्याचा होता, तो," मावशी म्हणाली. "अजून एकदा दाखवा."

प्राध्यापकांनी दाखवलं. तिने आणखी एकदा मागितलं.

"मावशी, तुझा कोणी होता की काय हा?" वर्नेलने अपाचीत चिडवलं. "पडतानासुद्धा देखणा दिसतोय."

"देखणाच होता," मावशी म्हणाली.

एकोणिसावी चूक बघून प्राध्यापकांनाच हसू आलं. तळावर मका दळणाऱ्या पोरीचे केस कंबरेपर्यंत होते. पुढच्याच प्रसंगात तीच पोरगी, तोच घागरा, आणि केस कानापर्यंत. "सिनेमावाल्यांचं लक्ष कुठे होतं कोण जाणे!"

"ती पोरगी इथेच बसलीय, सर," वर्नेल म्हणाली.

"अरे! मग सांगा बाई, मधेच केस का कापलेत?"

"उकडत होतं," मावशी म्हणाली.

प्राध्यापक हसले. वर्नेल हसली नाही. पडद्यावर पोरीच्या अंगावर जाड शाल होती आणि बोलताना माणसांच्या तोंडातून वाफ येत होती.

यादी संपली. एकूण एकतीस चुका. प्राध्यापकांनी कागद मावशीपुढे ठेवला. "काही राहिलं का? एकदा छापलं की मग तेच लोकांना खरं वाटत राहील."

मावशीने चष्मा लावला. कागदावरून बोट फिरवत खाली आली आणि थांबली. "सतरा, अठरा, एकोणीस. हे तीन खोडा."

प्राध्यापकांचा गोंधळ झाला. "तुमच्या माणसांना घोड्यावर बसता येत नव्हतं, असं मला म्हणायचं नाही. उलट ते फार—"

"खोडा म्हणते ना."

"पण बाई, या सिनेमात सगळ्यात खोटं काही असेल तर हे पडणंच."

मावशी वर्नेलकडे वळली. "पोरी, आता मी बोलेन ते जसंच्या तसं सांग. तुझ्या आईने तुला कधी सांगितलं नाही, मीही नाही. रागावू नकोस."

एमेट दारात येऊन उभा होता. त्याने टोपी काढली.

"लिहा," मावशी म्हणाली, आणि पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने ते नाव घेतलं. "ऑर्विल गोसेयुन. माझा थोरला भाऊ, हिचा मामा. वय वीस. एकोणीस ऑक्टोबर एकोणीसशे त्रेपन्न, सोमवारी, दुपारच्या जेवणाआधी, तुम्ही आत्ता पुन्हा पुन्हा दाखवलंत तिथेच वारला."