कंपनीतून आली तशी

"ताई, बॉनेटला कुंकू नको! रंग खराब होईल." भावाने माझ्यापुढे टिशू पेपर धरला. "यावर काढ स्वस्तिक. नुसतं वर ठेवू."

दसऱ्याला गाडीची पूजा टिशूवर! मला शिसारीच आली. बाबांची जुनी प्लायमाउथ त्याने अमेरिकेहून एकेक भाग मागवून कंपनीतून आली तशी केली होती. बाबांनी तिला बसवलेलं डिझेल इंजिन मात्र उपटून गॅरेजच्या भिंतीशी फेकलं होतं. "कसला घाणेरडा डबा केला होता हिचा बाबांनी," तो आजही पाहुण्यांसमोर हसत म्हणाला. त्याच डब्यातून लग्नाची वऱ्हाडं वाहून बाबांनी त्याला इंजिनिअर केलं होतं.

बाबांनी हळूच गाडीच्या दाराला हात लावला.

"बाबा, घामाचे डाग पडतात हो!"

बाबांनी हात लेंग्याला पुसला. मग माझ्याकडून पूजेचं ताट घेतलं, भिंतीशी गेले, त्या गंजक्या इंजिनावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि गाडीसाठी आणलेला झेंडूचा हार त्यालाच घातला.

"अहो, ते भंगार आहे!" भाऊ किंचाळला.

"असू दे," बाबा इंजिनावरून हात फिरवत म्हणाले. "याला हात लावलेला चालतो."