हिरवी शाई

गोळ्यांचं पाकीट काउंटरवर आपटून एक माणूस म्हणाला, "हे कोणी लिहिलं?"

औषधाच्या दुकानातली गर्दी दचकून त्याच्याकडे वळली. एरवी मालकाचे विनोद ऐकता ऐकता माणसं आजार विसरायची. अर्धं दुखणं त्याच्या बोलण्यानेच पळतं असं सगळे म्हणत, आणि मालकालाही ते पटलेलं होतं.

"थायरॉईडची गोळी. डॉक्टरांनी सकाळी एक सांगितलेली. यावर लिहिलंय, दिवसातून तीनदा! आठ दिवस आईने तशाच घेतल्या. काल छातीत एवढं धडधडायला लागलं की दवाखान्यात ठेवावं लागलं."

मालकाने पाकीट पाहिलं. अक्षर हिरव्या शाईतलं होतं. दुकानात हिरवं पेन एकच, त्याच्या खिशातलं. त्या दिवशी कुणाला तरी किस्सा रंगवून सांगताना आपणच लिहिलं, हेही त्याला आठवलं. पण जीभ सवयीने पुढे धावली.

"अहो, हा आमचा घुम्या! तोंड तर उघडत नाहीच, लक्षही देत नाही. तुम्ही आधी बसा. पाणी घ्या. बघतो मी त्याच्याकडे." बोलता बोलता त्याने पेन खिशात आणखी खाली दाबलं.

कपाटापाशी औषधं लावणारा नोकर, घुम्या, वळला. त्याने पाकीट पाहिलं, मग मालकाकडे पाहिलं.

"आई कशा आहेत आता?" त्याने त्या माणसाला विचारलं.

हे विचारायचं मालकाला सुचलंच नव्हतं. त्याचे कान तापले.

"बऱ्या आहेत." माणसाचा आवाज जरा खाली आला. मग तो मालकाला म्हणाला, "तुमच्याकडे बघून सोडतोय याला. पण नव्या पाकिटावर तुम्ही स्वतः लिहून द्या. दुसऱ्या कुणावर भरवसा नाही माझा."

मालकाचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थबकला. घुम्याने आपलं निळं पेन काउंटरवरून पुढे सरकवलं.

'सकाळी एक, उपाशीपोटी.' मालकाने लिहिलं, तेही मुद्दाम अक्षर बदलून, पहिलीतल्या पोरासारखं एकेक गिरवत. "माणूस असावा तर असा," म्हणत गिऱ्हाईक निघून गेलं. मालकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकान रिकामं झाल्यावर मालकाने खाली मानेनेच ते निळं पेन परत पुढे केलं.

"असू द्या," घुम्या म्हणाला. "पुन्हा लागेल."