चारुशीलाचा आवाज

दाभोळपासून दूर समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. त्यांच्या मनोऱ्यांमधल्या लोखंडी शिड्या मुकादमांच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या, त्याही ठरल्या तारखेला. प्रकल्पाची खरेदीप्रमुख चारुशीला पेठे त्या ताब्यात घ्यायला पहिल्यांदाच तिथे आली.

कारखाना सांभाळणारी मुकादमांची मुलगी साबिया, तिने पुढे होऊन तिला मिठीच मारली. "ताई, तुम्ही रोज फोन केला नसता ना, तर मी कुलूप लावून मोकळी झाले असते."

चारुशीलाने एकदाही फोन केला नव्हता. प्रकल्पाचं नियोजन करणारं संगणकी यंत्र तिच्या आवाजात सगळ्या पुरवठादारांशी फोनवर बोलत असे. तशी परवानगी तिनेच दिली होती. ते काय बोलतं, हे ऐकायची तसदी मात्र तिने कधी घेतली नव्हती. माल वेळेवर येत होता, तेवढं तिला पुरत होतं.

ती अवघडून हसली. "करार तुमच्या वडिलांच्या नावावर आहे ना? ते दिसले नाहीत कुठे?"

साबिया मागे सरकली. "अब्बा गेले तेव्हा तुम्हीच तर फोनवर होतात. माझ्याबरोबर रडलात."

चारुशीलाची मान खाली गेली. "ती मी नव्हते, साबिया. ते यंत्र होतं. शिड्या वेळेवर मिळाव्यात म्हणून ते..."

"मग मी एवढं मन मोकळं केलं, ते कोणाजवळ?"

चारुशीलाला तिचे हात हातात घ्यावेसे वाटले. पण धीराचे सगळे शब्द तिच्याच आवाजात आधीच बोलून झाले होते.